हात कुठे थांबवायचा, हेही शिकवा : कौशल्य विकास विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : मसाज थेरपिस्टच्या प्रगत प्रशिक्षणाबाबत

महोदय / महोदया,

मी नाशिकला मसाज थेरपिस्ट म्हणून काम करते. सकाळी एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये असते, दुपारनंतर लोकांच्या घरी जाते. हाताखाली शिकायला मुली येतात, अलीकडे दोन-चार मुलगेही येऊ लागलेत. बहुतेकांकडे आधीच कुठलं तरी प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ठळक अक्षरांत 'ॲडव्हान्स' असं छापलेलं असतं. या एका शब्दामुळेच हे पत्र लिहायला बसले.

बाजारात 'ॲडव्हान्स' कोर्स म्हणजे काय, ते आधी सांगते. शनिवार-रविवार हॉटेलचा हॉल घ्यायचा आणि डीप टिश्यू, हॉट स्टोन, बालीनीज, थाई, बांबू, कपिंग, पोटली हे सगळं दोन दिवसांत उरकायचं. प्रत्येक प्रकाराला तास-दीड तास मिळतो, त्यातला अर्धा वेळ व्हिडिओ काढण्यात जातो. संध्याकाळी ग्रुप फोटो आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. मुलगी महिन्याभराचा पगार मोडून येते. परत गेल्यावर स्पाच्या मेनूकार्डावर चार नावं वाढतात आणि तिच्या पगारात फार तर पाचशे रुपये. शिकली काय, तर दगड कुठे कुठे ठेवायचे.

अशा मुलीला मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारते. सत्तरीचे आजोबा आहेत, अँजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे आणि म्हणतायत, "पाठीत उसण भरलीये, जरा जोरात कोपर लाव." लावशील? काही जणी "हो" म्हणतात, काही नुसत्या बघत राहतात. "गोळी कुठली, कधीपासून, अंगावर काळेनिळे डाग उठतात का?" असं मलाच उलट विचारणारी क्वचित भेटते. तशी भेटली की माझं अर्धं काम झालेलं असतं.

खरं तर आमच्या धंद्यात हाताच्या मूळ क्रिया मोजक्याच. आज जगभर 'स्वीडिश मसाज' म्हणून जे शिकवतात त्याचं श्रेय स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जातं, पण एफ्लुराज, पेट्रिसाज, टॅपोटमाँ ही फ्रेंच नावं रुळवली ती योहान मेत्झगर या डच डॉक्टरने, एकोणिसाव्या शतकात. आपल्या भाषेत चोळणं, मळणं, घासणं, थोपटणं आणि हलकं थरथरवणं. दीडशे वर्षांत यात फारशी भर पडलेली नाही. तेल बदललं, दगड आले, बांबू आला, मेनूकार्ड लांबलं. म्हणून माझं म्हणणं असं, की प्रगत प्रशिक्षण म्हणजे आणखी तंत्रं नव्हेत. हाताखाली काय लागतंय ते ओळखणं, त्याप्रमाणे दाब, दिशा आणि वेळ ठरवणं, आणि कुठे हात लावायचाच नाही हे कळणं, याला मी प्रगत म्हणते.

हे काही मी नवीन सांगत नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात, दिनचर्येच्या अध्यायात, 'अभ्यङ्गमाचरेन्नित्यम्' हा श्लोक आहे. आयुर्वेदिक स्पाच्या भिंतीवर तो हमखास सापडतो. वाग्भटाने तिथे डोकं, कान आणि पाय यांना तेल लावण्यावर खास भर दिला आहे. त्यालाच लागून तो सांगतो, की कफ वाढलेला असेल, नुकतंच शोधन (वमन-विरेचनासारखी शरीरशुद्धी) झालेलं असेल किंवा अजीर्ण असेल तर अभ्यंग करू नये. गुण सांगून झाले की लगेच निषेध. भिंतीवर मात्र गुणांची ओळ तेवढी रंगवतात.

तुमच्या विभागाशी जोडलेल्या अभ्यासक्रमांबद्दल माझी सरसकट तक्रार नाही. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात सहायक स्पा थेरपिस्ट आहे, स्पा थेरपिस्ट आहे, आरोग्याच्या बाजूला पंचकर्म तंत्रज्ञ आहे. मसाज कोणाला करू नये हा भागही कागदावर आहे. पण तो यादी म्हणून पाठ होतो. ताप, संसर्ग, उघडी जखम, रक्ताची गुठळी, हाडं ठिसूळ असणं, कर्करोग... मुली घडाघडा म्हणून दाखवतात. समोरच्या टेबलावरच्या बाईची पोटरी त्या यादीतली आहे की नाही, हे ओळखायला कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. त्यासाठी शंभर पोटऱ्यांना हात लागावा लागतो आणि शेजारी कुणी तरी जाणतं उभं असावं लागतं.

एक प्रसंग सांगते. कॉलेज रोडजवळ एका बाळंतिणीकडे मी मानेच्या दुखण्यासाठी जायची. तिची रोजची मालीश करायला आमच्या भागातल्या एक मावशी येत. वय साठीच्या पुढे, शाळा दुसरीपर्यंत, आणि हाताखालून गेलेल्या बाळंतिणींची मोजदाद त्यांनाही नसेल. सिझेरियनला दोन आठवडे झाले होते. मावशींनी डावा पाय घेतला, तेल लावलं, उजवा घेतला आणि पोटरीवर हात ठेवून तशाच थांबल्या. मग दोन्ही तळहात दोन्ही पोटऱ्यांवर एकदम ठेवले. म्हणाल्या, "हा पाय गरम लागतोय, अन् टणकय. ताई, तुम्ही बघा बरं." मी पाहिलं. उजवी पोटरी डोळ्यांनाही जाड दिसत होती, कातडी ताणून चकाकत होती. सासूबाई म्हणाल्या, गोळा आला असेल, जरा चोळून द्या, मोकळा होईल. मावशींनी पदराला हात पुसले नि म्हणाल्या, "ह्या पायाला मी आज हात लावायची नाही. डॉक्टरला दाखवा." संध्याकाळी डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी झाली. खोल शिरेत गुठळी होती.

बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे अशा गुठळीचा धोका वाढलेला असतो, सिझेरियन झालेलं असेल तर आणखी. आणि आपल्याकडे बाईचे पाय रोज रगडले जातात ते नेमके याच दिवसांत. चोळताना गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. एक पाय जाड, एक पाय गरम, दाबल्यावर एकाच बाजूला दुखतं, एवढं ज्या हाताला कळलं त्याने डॉक्टरच्या आधी काम केलं. मावशींकडे कुठलंही प्रमाणपत्र नाही. तुमच्या दप्तरी त्या 'अकुशल' आहेत.

याच मावशी नवजात बाळाच्या छातीतला 'चीक' दाबून काढायच्या. नाकाकानात तेलाचे थेंब सोडायच्या. आईच्या संप्रेरकांमुळे बाळाची छाती थोडी फुगते आणि काही आठवड्यांत आपोआप बसते. दाबली तर संसर्ग होऊन गळू होतं. नाकात सोडलेलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या सासूने शिकवलेलं होतं ते. पुढे त्यांच्याच नातवाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी तेच सांगितलं, तेव्हा पटलं. डॉक्टरांचं ऐकलं, माझं नाही. असो.

म्हणजे एकाच हातात अस्सल ज्ञान आणि घातक सवय शेजारी शेजारी असतात. महाराष्ट्रात गावोगाव, गल्लोगल्ली अशा मावशी आहेत. बाळाच्या मालिशीला मोल नाही असं कुणी समजू नये. अमेरिकेत टिफनी फील्ड यांच्या गटाने 1986 साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. मालीश मिळालेल्या बाळांचं वजन रोज इतरांपेक्षा 47 टक्के जास्त वाढत होतं. पुढच्या अभ्यासांतून हेही दिसलं, की नुसतं वरवर कुरवाळून हा परिणाम मिळत नाही, मध्यम दाब लागतो. मावशींच्या हाताला तो दाब बरोबर माहीत असतो. त्यांना दाब शिकवायची गरज नाही. काय सोडायचं आणि कधी थांबायचं, तेवढं शिकवायचंय. पूर्वज्ञान मान्यतेची, म्हणजे अनुभवातून आलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची तरतूद केंद्राच्या कौशल्य योजनेत आहेच. तिचा उपयोग इथे करा. पण मावशींना ऑनलाइन अर्ज, ओटीपी आणि इंग्रजी बहुपर्यायी प्रश्नपत्रिका देऊ नका. त्यांची परीक्षा टेबलापाशी, मराठीत, हातांनी घ्या.

आता थोडं साखरेबद्दल. मधुमेह आता घराघरांत आहे. मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना हळूहळू जाते. अशा पायावर गरम पोटली किंवा दगड ठेवून मुलगी विचारते, "काका, गरम लागतंय का?" काका म्हणतात, "नाही, चालू दे." काका खोटं बोलत नसतात, त्यांना लागतच नसतं. घरी गेल्यावर मोजा काढताना फोड दिसतो, आणि मधुमेह्याच्या पायावरचा फोड कुठवर जाऊ शकतो हे तुम्हाला सांगायला नको. मी मुलींना शिकवते ते साधं आहे. आधी डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा तळव्यावर टेकवायचा आणि विचारायचं, लागलं का, कुठे लागलं. नीट सांगता आलं नाही तर त्या पायावर गरम काहीही ठेवायचं नाही. आणि एरवीही पोटली आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण हॉट स्टोनच्या कोर्सेसमध्ये त्याला वेळ नसतो. तिथे दगड कुठल्या ज्वालामुखीचा आहे, ते मात्र नीट समजावून सांगतात.

तंत्रं शिकवूच नयेत असं मी म्हणत नाही. उलट काही तंत्रं अशी आहेत की ती महाराष्ट्रात नीट शिकवणारं कुणी शोधावं लागतं, आणि गरज तर दारात उभी आहे. लसीका निचऱ्याचंच घ्या, म्हणजे सुजेत साचलेलं पाणी हलक्या हाताने पुढे सरकवण्याचं. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश पतीपत्नीने 1930 च्या दशकात ही पद्धत बसवली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या की काही बायकांचा हात पुढे सुजतो, बांगडी चढत नाही, ब्लाउजची बाही उसवून घ्यावी लागते. तो हात रगडायचा नसतो. दाब इतका हलका, की कातडी नुसती सरकली पाहिजे. आणि सुरुवात सुजलेल्या हातापासून करायची नसते. आधी मान, मग धड आणि दुसऱ्या बाजूची काख मोकळी करायची, मग दंड, मग कोपराखालचा भाग आणि सगळ्यात शेवटी पंजा. पाणी पुढे जायचं तर पुढची वाट आधी रिकामी हवी. त्याच्या जोडीला पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची काळजी. हे सगळं कर्करोगाच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्या नजरेखाली. माझ्याकडे येणाऱ्या बायका पहिल्या दिवशी नाराज होऊन जातात, म्हणतात, "ताई, तुम्ही तर काहीच केलं नाही!" आपल्याकडे मालीश म्हणजे जोर, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय.

विदर्भात तर हत्तीपाय आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात सुजलेले पाय घेऊन लोक वर्षानुवर्षं जगतायत. त्या पायाला मुख्य गरज मसाजची नाही, हे आधी स्पष्ट करते. रोज साबणाने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, पाय उंच ठेवणं, घोट्याचे व्यायाम, यातून खरा फरक पडतो. ताप येऊन पाय लाल, गरम झाला असेल तर त्याला चोळणं म्हणजे दुखणं वाढवणं. पण हे सगळं घरी जाऊन हातात हात घेऊन शिकवायला माणूस लागतो. तालुक्याच्या ठिकाणी एखादी प्रशिक्षित थेरपिस्ट आरोग्य केंद्राशी जोडलेली असेल तर ती हे करू शकते. तिला स्पात नोकरी शोधत पुण्या-मुंबईला यावं लागणार नाही.

याच्या अगदी उलट टोकाचं तंत्र म्हणजे इंग्लंडच्या डॉ. जेम्स सिरियाक्स यांचं आडवं घर्षण. टेनिस एल्बोसारख्या कोपराच्या दुखण्यात, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना आडवं, एका बोटाएवढ्या जागेवर, आणि तेलाशिवाय. तेल लावलं तर बोट कातडीवरून घसरतं आणि खालच्या दोरीपर्यंत पोहोचतच नाही. तालमीतल्या जुन्या वस्तादांना हे सांगितलं तर ते हसतात, त्यांचे हात कोरड्यानेच लचक बघतात म्हणून. कोल्हापुरात शिकलेल्या एका पैलवानाने माझा खांदा दोन बोटांनी असा तपासला होता, की मी त्यांना तिथल्या तिथे म्हटलं, माझ्या मुलींना शिकवायला या. "आम्हाला शिकवता येत नाय, करता येतंय," म्हणाले. हे करता येणं शिकवण्याच्या भाषेत आणणं, हे विद्यापीठांचं काम आहे. आपल्याकडे आता राज्याचं कौशल्य विद्यापीठ आहे.

फिजिओथेरपिस्ट मंडळींची शंका मला ठाऊक आहे. त्यांच्याच क्लिनिकमध्ये बसते मी. "तुम्ही आता निदान करायला लागणार का?" नाही. निदान आमचं काम नाही, आणि चांगल्या प्रशिक्षणाने ही हद्द पुसट न होता पक्की होईल. आज हद्द ओलांडते ती न शिकलेली माणसं. 'मसाजने विषारी द्रव्यं बाहेर पडतात', 'लॅक्टिक ॲसिड निघून जातं', 'पोटाचा घेर कमी होतो' हे सांगणारी तीच. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट तासाभरात शरीर स्वतःच निपटून टाकतं, त्याला आमची गरज नाही. आमच्या हातात जेवढं खरं आहे तेवढं पुरेसं आहे. दुखणं काही काळ हलकं होतं, झोप लागते, आखडलेली मान वळते.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच कोर्समध्ये नीट येत नाही. आमचे अंगठे. दिवसाला सहा-सात जणांचं अंग अंगठ्याने दाबणाऱ्या मुलीचा अंगठा काही वर्षांत मनगटापाशी दुखू लागतो, मग चहाचा कपही धरवत नाही. टेबल किती उंच हवं, तर उभं राहून हात खाली सोडल्यावर मुठीची हाडं टेबलाला टेकावीत, तेवढं. जोर दंडातून नाही, मागच्या पायातून आणि अंगाच्या वजनातून. मोठ्या स्नायूंना अंगठा नाही, कोपराखालचा हात. अंगठा फक्त शोधायला. तिशीत धंदा सोडावा लागलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांची नोंद कुठे होत नाही, आणि नुकसानभरपाईचं तर नावच नको.

मानाचाही प्रश्न आहे. पेपरात महिन्याला एकदा 'मसाज सेंटरवर छापा' अशी बातमी येते. गैरप्रकार आहेत, कारवाई व्हायलाच हवी. पण त्यानंतर सोसायटीच्या गेटवर वॉचमन ज्या नजरेने आमच्याकडे बघतो, ती नजर आम्ही कमावलेली नाही. जपानमध्ये या कामाला तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आहे. न्यूयॉर्क राज्यात परवान्याआधी एक हजार तासांचं शिक्षण लागतं. कॅनडाच्या ओंटारिओत नोंदणीशिवाय 'मसाज थेरपिस्ट' म्हणवून घेता येत नाही. आपण एकदम तिथे जाऊ असं नाही. पण नाव, फोटो, शिक्षणाचे तास आणि विशेष प्रशिक्षण लिहिलेली राज्याची एक नोंदवही सुरू करायला फार पैसा लागत नाही.

जपानचा विषय निघालाच आहे तर, तिथे हा व्यवसाय कित्येक पिढ्या अंधांचा राहिला आहे. आपल्याकडेही दृष्टिहीन थेरपिस्ट उत्तम काम करतात. हाताखालचं ओळखण्याच्या परीक्षेत ते डोळसांना मागे टाकतील, याबद्दल मला शंका नाही. अडचण पुस्तकांची आहे. शरीररचना मराठीत, ऐकता येईल आणि ब्रेलमध्ये वाचता येईल अशी, सोबत हात लावून बघायचे सांगाडे आणि स्नायूंचे नमुने, हे विभागाने तयार करून घ्यावं. डोळस मुलींनाही त्याचा तितकाच उपयोग होईल. इंग्रजी पीडीएफ भाषांतराच्या ॲपमधून वाचून 'फऱ्याचं हाड' आणि 'खांद्याचं पान' एकच का, असं विचारणाऱ्या मुलीला काय उत्तर द्यायचं?

तर माझं मागणं असं. स्पा थेरपिस्टच्या पुढे एक प्रगत स्तर सुरू करा. त्यात नव्या तंत्रांना निम्म्याहून कमी वेळ द्या. उरलेला वेळ सरकारी रुग्णालयांच्या फिजिओथेरपी, प्रसूती आणि कर्करोग विभागांत, तिथल्या माणसांच्या शेजारी उभं राहून. बाळंतपण, मधुमेह, लसीका सूज आणि म्हातारपण या चार विषयांपासून सुरुवात झाली तरी चालेल. महाराष्ट्राच्या घराघरांतलं दुखणं बरंचसं त्यात येतं. शिकवणाऱ्यांत डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट हवेतच, पण आमच्या मावशींसारखी एक तरी व्यक्ती मानधनावर, खुर्ची देऊन बसवा.

आणि प्रात्यक्षिक परीक्षेत एक टेबल असं ठेवा, ज्यावरच्या माणसाला मसाज करायचाच नसतो. विद्यार्थ्याला हे आधी सांगायचं नाही. त्याने विचारपूस करावी, हात लावून पाहावं, आणि कारण सांगून नम्रपणे नकार द्यावा, डॉक्टरांकडे पाठवावं. त्या टेबलावर ज्याने तेलाची बाटली उघडली, तो नापास. बाकीच्या टेबलांवर त्याला कितीही गुण मिळाले असोत.

असा अभ्यासक्रम बसवताना विभागाने बोलावलं तर मी येईन. मावशींनाही विचारलंय. त्या म्हणाल्या, सकाळच्या आंघोळी आटोपल्या की, अकरानंतर कधीही.

आपली,
एक मसाज थेरपिस्ट, नाशिक